चारशे डॉलरची रात्र

टाय वेस्ट या अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘द हाउस ऑफ द डेव्हिल’ हा भयपट २००९ साली आला. पण ज्याला हे ठाऊक नाही, तो पहिली दहा मिनिटे पाहून तो किमान पंचवीस वर्षे जुना असल्याची पैज लावील. चित्रण १६ मिमी फिल्मवर झाल्यामुळे पडद्यावर बारीक कण सतत सळसळत राहतात. श्रेयनामावली पिवळ्या अक्षरांत येते, तिच्यामागचे चित्र मध्येच गोठते आणि शीर्षकाखाली वर्ष रोमन आकड्यांत दिलेले असते. पात्राच्या जवळ जायचे असले की बऱ्याचदा कॅमेरा जागचा न हलता नुसता झूम करतो. प्रसिद्धीसाठी या चित्रपटाची चक्क व्हीएचएस कॅसेटही काढली होती. ती लावायला व्हीसीआर कितीजणांकडे शिल्लक होता, कोण जाणे.

अशी हौस पुष्कळजण करतात आणि बहुतेकदा ती कपडेपटाच्या पलीकडे जात नाही. इथे मात्र जुना काळ कथेला राबवून घेतलेला आहे. कथा ऐंशीच्या दशकातली आहे. सामन्था या महाविद्यालयीन मुलीने नुकतेच भाड्याचे घर ठरवले आहे आणि हातात पैसे नाहीत. मूल सांभाळायला कोणी हवे असल्याची चिठ्ठी पाहून ती आवारातल्या सार्वजनिक फोनवरून निरोप ठेवते, पाठ फिरवून चालू लागते, आणि मागे तोच फोन वाजतो. तो उचलायला ती परत वळते तेव्हा घडलेले काहीच नसते, तरीही आपण खुर्चीत सरसावून बसतो. ज्याच्या-त्याच्या खिशात फोन असलेल्या काळात हा प्रसंग लिहिताच आला नसता.

पुढे गावाबाहेरच्या मोठ्या घरात उलमन नावाचे उंच, मृदुभाषी गृहस्थ (टॉम नूनन) ओशाळून कबूल करतात की मूल नाहीच; वरच्या मजल्यावर म्हाताऱ्या आई आहेत, त्यांच्यासाठी कोणी घरात असावे, एवढेच. मैत्रीण निघून जाऊ या म्हणते, तर सामन्था घासाघीस करून एका रात्रीचे चारशे डॉलर ठरवून घेते. तिला भाडे दिसत असते, आपल्याला तो आकडा.

त्यानंतरचा मोठा भाग ती एकटीच घरभर हिंडते, आणि माझ्या मते चित्रपटाचा जीव तिथेच आहे. कानाला वॉकमन लावून, द फिक्स या बँडच्या गाण्यावर ती जिन्यावरून, खोल्यांतून नाचत सुटते. बाकी घरात काय वाजते आहे हे तिला ऐकू येणे शक्यच नाही. मग धक्का लागून फुलदाणी फुटते आणि ती परक्या घरातल्या काचा गोळा करू लागते. लहानपणी आईबाबा लग्नाला गेले असताना आमच्याकडचा फोन दोनदा वाजून बंद पडे, आणि तिसऱ्यांदा वाजण्याची वाट पाहत मी त्याच्याकडे टक लावून बसे. ती जुनी वाट पाहणी या भागात मला पुन्हा भेटली.

चंद्रग्रहण लागल्यावर मात्र रक्त, अंगरखे आणि सैतानपूजेचे विधी यांची घाई सुरू होते. सत्य घटनांवर आधारित असल्याचा आरंभीचा दावाही त्या काळच्या चालीचाच आहे, पण मला तो खटकतो. ऐंशीच्या दशकात सैतानपूजकांच्या टोळ्यांबद्दल अमेरिकेत खरोखरच घबराट पसरली होती, आणि ती ऐन भरात असताना कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीच्या चालकांवर मुलांच्या लैंगिक शोषणाचा खटला भरला गेला; त्यात सैतानी विधींचेही आरोप झाले. वर्षानुवर्षे चालून तो १९९० मध्ये एकालाही दोषी न ठरवता संपला. जुन्या काळाची फिल्म, झूम, अक्षरे इतक्या निगुतीने वापरणारा दिग्दर्शक त्या काळाचा गैरसमज मात्र खरा धरून चालतो. दुसऱ्यांदा पाहताना मी ग्रहण लागायच्या आतच चित्रपट थांबवला.