नव्व्याण्णव टक्के, पण किती मायक्रॉनला?

माझी पेट्रोल हॅचबॅक आठवडाभर राजेंद्रनगर ते विजयनगर अशी इंदूरच्या गर्दीतून चालते आणि वर्षातून तीन-चार वेळा टाइम ट्रायलच्या, म्हणजे घड्याळाविरुद्ध धावण्याच्या, स्पर्धेत उतरते. या दोन्ही कामांना पुरेल असा एकच ऑइल फिल्टर निवडावा, एवढेच मी ठरवले होते. छोटी ग्वालटोलीतल्या सुट्या भागांच्या दुकानांतून फिरून चार फिल्टर जमवायला एक दुपार पुरली: कंपनीचा नेहमीचा कागदी, काचतंतूंचा बारीक गाळणारा, डोक्यावर षट्कोनी नट असलेला 'रेसिंग' आणि धुऊन पुन्हा वापरता येणारा पोलादी जाळीचा. त्यांतली निवड करायला मात्र सव्वा महिना लागला आणि त्यातले तेवीस दिवस एका उत्तराची वाट पाहण्यात गेले.

जाळीच्या फिल्टरच्या खोक्यावर '९९ टक्के कार्यक्षमता' असे ठळक छापलेले होते, पण किती मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांसाठी, ते कुठेही नव्हते. मायक्रॉन सांगितल्याशिवाय या टक्केवारीला काहीच अर्थ नाही. २० मायक्रॉनचे शंभर कण आत गेले आणि एकच बाहेर आला, तर तो फिल्टर खरोखर चांगला. तेच ९९ टक्के ५० मायक्रॉनला असतील, तर बेअरिंग झिजवणारे बहुतेक कण त्यातून सुखेनैव निघून जातील. चालत्या इंजिनात बेअरिंगमधला तेलाचा थर काही थोड्या मायक्रॉनचा असतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारी बारीक कचच अधिक घातक ठरते. इंजिनाच्या फिल्टरसाठी आयएसओ ४५४८-१२ ही ठरलेली चाचणी आहे आणि तिच्यात कोणत्या आकाराचे किती कण अडले हेच मोजतात. म्हणजे मी काही अवघड मागत नव्हतो.

वितरकाच्या ग्राहक सेवा केंद्राला मी तीन प्रश्न लिहून पाठवले: टक्केवारी किती मायक्रॉनला, बायपास व्हॉल्व्ह (फिल्टरमधून तेल जाईनासे झाले की ते न गाळता पुढे सोडणारी झडप) किती दाबाला उघडतो आणि आटे कोणते. पाचव्या दिवशी उत्तर म्हणून रंगीत माहितीपत्रक आले, ज्यात पुन्हा तेच ९९ टक्के होते. मी फोन केला, तर माझ्याकडे गाडीचा चेसिस क्रमांक मागितला गेला, ज्याचा माझ्या पहिल्या दोन प्रश्नांशी काडीचाही संबंध नव्हता. मी तोही दिला. नंतर तांत्रिक विभागाचे अधिकारी रजेवर असल्याचे कळवले गेले, आणि त्यानंतरच्या आठवड्यात तेच माहितीपत्रक दुसऱ्यांदा आले. फिल्टर विकणाऱ्याला आपला फिल्टर काय गाळतो हे सांगता येऊ नये, याचा राग मला आजही येतो. तुम्ही विचाराल तेव्हा प्रश्न एकेक करून विचारा आणि मायक्रॉनचा सर्वांत आधी विचारा. तीन प्रश्न एकत्र गेले की सोप्याचे उत्तर देऊन बाकीचे टाळता येतात.

वाट पाहण्याच्या त्या दिवसांत मी फळीवर जपून ठेवलेले माझे तीन जुने फिल्टर कापले. यासाठी करवत वापरू नये, कारण तिचा कीस आतल्या गाळणीच्या घड्यांत पडतो आणि इंजिनाची झीज समजून माणूस उगाच घाबरतो. पाइप कापतात तसला चाकाचा कटर घ्यावा. एका स्वस्त फिल्टरमध्ये कागदाच्या घड्या एका बाजूला गोळा झालेल्या होत्या आणि तेल परत खाली जाऊ न देणारी रबराची झडप कडक होऊन वाकडी झाली होती. फिल्टर आडवा बसणाऱ्या माझ्या गाडीत सकाळी पहिले दोन-तीन सेकंद खडखड का होई, ते त्या झडपेने सांगितले. नायट्राइल रबर उष्णतेने असे कडक होते, तर सिलिकॉन पुष्कळ काळ मऊ राहते.

चोविसाव्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले: जाळी ४० मायक्रॉनची आहे. जनरल मोटर्सच्या १९८८ च्या अभ्यासात, ४० मायक्रॉनच्या गाळणीच्या तुलनेत ३० मायक्रॉनने इंजिनाची झीज ५० टक्क्यांनी आणि १५ मायक्रॉनने ७० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले होते. ज्या शर्यतीच्या इंजिनाचे तेल दर स्पर्धेनंतर बदलते आणि जे वारंवार उघडले जाते, त्याला कमी अडथळ्याची जाळी शोभते. एकाच तेलावर हजारो किलोमीटर चालणाऱ्या माझ्या गाडीला ती शोभत नाही.

षट्कोनी नटाचा रेसिंग फिल्टर आट्यांवरच बाद झाला. माझ्या गाडीचा स्टड, म्हणजे ज्यावर फिल्टर फिरवून बसवतात तो आट्यांचा खुंट, एम २० बाय १.५ (२० मिलिमीटर व्यास, आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर) आहे आणि त्या फिल्टरचे आटे पाऊण इंची, इंचाला १६ असे होते, त्यामुळे तो चढलाच नाही. याच्या उलट जोडी अधिक धोक्याची असते: पाऊण इंची स्टडवर एम २० चा फिल्टर सैलसर चढतो, बसल्यासारखा वाटतो आणि दाब वाढल्यावर निसटू शकतो. तेव्हा रबर रिंगचा व्यास जुळला एवढ्यावर कोणी फिल्टर घेऊ नये.

शेवटी मी २० मायक्रॉनला ९९ टक्के असे स्पष्ट लिहिलेला काचतंतूंचा फिल्टर घेतला. त्याची झडप सिलिकॉनची आहे आणि बायपासचा दाब गाडीच्या कंपनीने दिलेल्या आकड्याशी जुळतो. हा दाब जुळणे महत्त्वाचे आहे, कारण जानेवारीच्या थंड सकाळी तेल घट्ट असते आणि बायपास वेळेआधी उघडला तर न गाळलेले तेल सरळ इंजिनात जाते. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनाला चिकटून राहिलेली नाही हे बोटाने तपासून, नव्या रिंगला तेल लावून, ती टेकल्यावर हाताने पाऊण फेरा मी स्वतः आवळला. पुढच्या स्पर्धेनंतर तेलासोबत तो बदलला, त्याच संध्याकाळी कापला आणि सगळ्या घड्या सरळ, सारख्या अंतरावर उभ्या असलेल्या पाहिल्या.