कडुलिंबाचं घुबड: नवतप्यात डोळ्यातून गेलेली चीर

चेनसॉने अख्ख्या ओंडक्यातून कोरत असलेल्या घुबडाचा डावा डोळा फाटला. कपाळापासून छातीपर्यंत उभी चीर पडली आहे, सगळ्यात रुंद जागी ९ मिमी. पातळ पट्टी आत सारली की थेट गाभ्याला टेकते. मागच्या नोंदीत चोच आणि डोळ्यांच्या वाट्या उतरल्या होत्या आणि ओंडका ओल्या गोणपाटात गुंडाळून शेडमध्ये उभा होता. नवतप्यातल्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतल्या, एका दुपारी गोणपाट सुकलं आणि चार तासांत हे झालं.

गोणपाट सुकलं नसतं तर चीर जूनमध्ये पडली असती, एवढाच फरक. खरी अडचण गाभा मधोमध असलेल्या अख्ख्या गोल ओंडक्याची आहे. ओलावा २८-३० टक्क्यांच्या खाली आला की लाकूड आकसायला लागतं, आणि घेराच्या दिशेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं. आपला ओंडका ३६ सेंमी व्यासाचा, म्हणजे घेर ११३ सेंमी. घेराकडून ६ आणि त्रिज्येकडून ३ टक्के आकसणं धरलं, तर पूर्ण सुकेपर्यंत परिघावर ३४ मिमी लाकूड कमी पडतं. ते एका जागी फाटेल किंवा दहा जागी, पण फाटणारच.

डोळाच का? वाटी ३० मिमी खोल आहे. वाटीच्या वरच्या आणि खालच्या काठाला लाकडाचे रेषे आडवे कापले गेलेत, आणि आडव्या कापातून ओलावा बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटीने लवकर उडतो. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मेण लावलं होतं, पण कोरताना आपण रोज नवी टोकं उघडी करतो. कान, भुवई, वाटीचा काठ, पिसांचे शेंडे, सगळीकडे तेच. काम थांबवताना या जागांवर पाणी घालून पातळ केलेलं फेव्हिकॉल ब्रशने फिरवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशीच्या कापात ते निघून जातं, फिनिशला आडवं येत नाही.

चीर भरा, असं बरेच जण सुचवतील. भुसा आणि गोंद, किंवा इपॉक्सी. आत्ता भरू नका. मे महिन्यात नागपूरच्या हवेत लाकूड ४-५ टक्के ओलाव्याकडे ओढलं जातं, ऑगस्टमध्ये तेच १५ च्या आसपास जातं. आत्ताच्या कोरड्या हवेत चीर रुंद उघडली आहे. तिच्यात दगडासारखं इपॉक्सी बसवलं तर पावसाळ्यात लाकूड फुगून मिटायला बघेल, जागा मिळणार नाही आणि शेजारी नवी चीर उघडेल. भरायचीच असेल तर पावसाळ्यानंतर, त्याच लाकडाची पट्टी तासून, एकाच बाजूला चिकटवून. दुसरी बाजू मोकळी राहिली पाहिजे.

पुढच्या ओंडक्यासाठी दोन रस्ते. पहिला, पाठीवर मुद्दाम गाभ्यापर्यंत उभा काप. चेनसॉच्या ३/८ इंची लो-प्रोफाइल चेनचा काप सुमारे ७ मिमी पडतो, आणि मिटलेल्या दोन पंखांमधली रेघ म्हणून तो शोभतोही. दुसरा, बुडातून गाभा पोकळ करायचा म्हणजे बाहेरच्या वलयाला आत सरकायला जागा मिळते. बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आत घुसवताना टोकाच्या खालच्या अर्ध्या भागाने सुरुवात करा, मग सरळ करा. वरचा अर्धा भाग आधी टेकला तर किकबॅक, म्हणजे सॉची उलटी उसळी, तोंडावर येतो. दोन्ही कामं लाकूड ओलं असतानाच उरकायची.

लकडगंजच्या आरामशीनवर ओंडका मधोमध चिरून घेणं सगळ्यात सोपं, पण मग चारी बाजूंनी दिसणारं शिल्प होत नाही.

सुकवण्याच्या जागेबद्दलही मत बदललं आहे. शेडमधून ओंडका कुलर चालतो त्या खोलीत आणला, थेट झोतापासून दूर, भिंतीलगत. कुलरची हवा दमट असते, तीच इथे कामाची. रात्री प्लास्टिक, आणि ते रोज सकाळी उलटं करून घालायचं, नाहीतर पांढऱ्या लाकडावर दोन दिवसांत बुरशी चढते.

छातीची पिसं मात्र मनासारखी उतरली! पाव इंची पिचची बारीक चेन, डाइम टिप (अगदी लहान टोकाचा) बार, रेकर (दात किती खोल खाणार ते ठरवणारा उंचवटा) दातापेक्षा ०.६५ ऐवजी ०.५ मिमी खाली. कटर, म्हणजे दात, कमी खातो, पण टोक उडी मारत नाही आणि पिसाचा काठ तुटत नाही. धार लावायची कानस ४ मिमीची. बिनब्रँडच्या स्वस्त कानशी दोन धारांत गुळगुळीत होतात. ओरेगॉन ब्रँडची महाग पडली तरी तीच घ्या. बारच्या वंगणाला जळकं इंजिन ऑइल अजिबात नको. त्यातल्या धातूच्या कणांनी पंप झिजतो आणि पांढऱ्या लाकडावर काळे डाग पडतात ते वेगळंच. पेट्रोलचं मिश्रण लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोक) ऑइल, आणि इथेनॉलचं पेट्रोल रात्रभर टाकीत ठेवायचं नाही, कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली. चीर पुढून पडली, म्हणजे ताण सुटला. पाठीकडून मोठी चीर पडण्याची शक्यता आता कमी. डोक्याच्या मागे ४५ मिमी लाकूड शिल्लक आहे आणि चेहऱ्याला ३० पुरतं. घुबड मान पूर्ण मागे वळवतं! मग चेहरा पाठीकडेच कोरायचा. जुना चेहरा तासून मानेची पिसं करायची. चीर बारच्या टोकाने सरळ करून छातीच्या दोन पीस-रांगांमध्ये बसवायची, न भरता. पाठीवरचा काप या घुबडाला नकोच.

त्याआधी मागच्या बाजूवरून चुंबक फिरवणार. रस्त्याकडेचं झाड होतं, बॅनरच्या तारा आणि खिळे सालीखाली दोन-तीन इंच गिळलेले असतात, आणि पाव इंची चेन एका खिळ्यात जाते. मग कोळशाने नवे डोळे आखायचे, चिरेच्या बरोबर समोर, गाभ्याच्या पलीकडे.