एडमंटन ते हिंटन, उणे 31 मध्ये: गिअरबॉक्सच्या तापमानावर डोळा ठेवून

संक्रांतीच्या आठवड्यात मित्राचं सामान माझ्या ट्रकमागच्या ट्रेलरमध्ये भरून कॅनडातल्या एडमंटनहून हिंटनला पोचवून आलो, यलोहेड हायवेने साधारण 285 किमी. ट्रक म्हणजे इथला पिकअप हं, आपला दहा चाकी नव्हे. माझा जुना आहे, ऑटोमॅटिक, आणि डॅशबोर्डवर गिअरबॉक्सच्या टेंपरेचरचा काटाच नाही, म्हणून ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती देणाऱ्या सॉकेटचा) ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलवर ॲप.

पहिला घोळ तिथेच झाला. रात्रभर ब्लॉक हीटर लावलेला, सकाळी वीस मिनिटं गाडी चालू ठेवली, ॲपवर 62 अंश सेल्सिअस दिसले, मी खूश. डी मध्ये टाकलं तर ट्रक दोन सेकंद ढिम्म आणि मग गचका देऊन निघाला. थांबवून नीट बघितलं तर ते 62 इंजिनच्या कूलंटचे! गिअरबॉक्सचं रीडिंग ॲपमध्ये आपसूक येत नाही, गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळा पीआयडी, म्हणजे त्या रीडिंगचा कोड, टाकावा लागतो. तो टाकला तर ऑइल उणे 9. ब्लॉक हीटर फक्त इंजिनला ऊब देतो, गिअरबॉक्स बिचारा तसाच कुडकुडत असतो, आणि पार्कमध्ये उभं राहून तो फार हळू तापतो. त्यामुळे इंजिन जरा गरम झालं की निघा, पण पहिले दहा-पंधरा किमी हळू, जोरात ॲक्सिलरेटर नको. ॲप आणि पीआयडीचं हे सगळं घरच्या वायफायवर आदल्या दिवशी करून ठेवा, मी पार्किंगमध्ये हातमोजे काढून करत बसलो.

सुरुवातीला गिअर उशिरा पडत होते, आरपीएम चढलेले, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकच होईना. बिघाड नाही तो, ऑइल थंड असताना बऱ्याच गाड्या मुद्दाम तसं करतात. स्प्रूस ग्रोव्ह गावाच्या पुढे गिअरबॉक्स सुरळीत झाला एकदाचा. वाटेतल्या एड्सनला चहा घेतला तेव्हा 68 होतं, तिळाचे लाडू मात्र मागे ट्रेलरमध्ये राहिल्याने दगड झालेले.

एड्सन-हिंटनमध्ये ओबेड समिट हा चढाचा माथा लागतो, सुमारे 1160 मीटर, म्हणजे खुद्द यलोहेड पास या खिंडीपेक्षाही उंच, पण चढ इतका लांबट की कळतच नाही. ट्रेलरमुळे तिथे 91 पर्यंत गेलं. 80 ते 95 म्हणजे छानच, 110 च्या वर जायला लागलं तर वेग कमी करा, टो-हॉल मोड (ओझं ओढताना वापरायचा मोड) लावा.

परतताना ट्रेलर रिकामा, तर आकडा 50 च्या आसपासच रेंगाळला, कारण माझ्या गिअरबॉक्सच्या जादा ऑइल कूलरला थर्मोस्टॅट (ऑइल गार असताना ते कूलरकडे जाऊ न देणारी झडप) नाही, उणे 30 चं वारं थेट त्याच्यावर. एड्सनला कूलरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला, 70 वर आलं. पण ओझं असेल तर पुठ्ठा काढा, आणि आकडा दिसत नसेल तर पुठ्ठ्याच्या भानगडीत पडूच नका.

अजून एक, गार गाडीत डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघून गिअरबॉक्सचं ऑइल कमी वाटतं म्हणून ओतू नका. गरम झाल्यावर, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसंच बघायचं, जास्त झालं तर फेस होतो. आणि डोंगल रात्री काढून ठेवा, काही डोंगल बंद गाडीतही करंट ओढतात आणि या थंडीत बॅटरीत आधीच दम नसतो.