मांतोंच्या पुलापाशी

मराठी पर्यटकांच्या गटांबरोबर मी फ्रान्समध्ये दुभाषी म्हणून जाते. इटलीच्या सीमेला खेटून असलेल्या मांतों या गावी दुसऱ्या महायुद्धातल्या 1940 चा विषय निघाला, की फ्रान्स जर्मनीसमोर सहा आठवड्यांत हरला, एवढेच सांगून मी पुढे सरकत असे. गेल्या जूनमध्ये पहाडी तोफखान्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी मला विचारले, "ताई, या डोंगरातली फौजसुद्धा हरली?" मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री उशिरापर्यंत वाचत बसले आणि सकाळी त्यांना घेऊन सँ-लुई पुलाकडे निघाले.

वाटेत मी सांगत गेले. नीस आणि साव्हॉय 1860 च्या तुरिन तहाने फ्रान्सकडे आले होते. इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याचा डोळा नीसवर होता. 10 जून 1940 रोजी त्याने युद्ध पुकारले, तेव्हा फ्रान्सचे जनरल ओल्री यांच्या आल्प्स सेनेत सुमारे 1,85,000 सैनिक उरले होते, आणि त्यांतूनच काहींना ऱ्होन खोऱ्यातून मागून येणाऱ्या जर्मनांसमोर उभे करावे लागले. तरीही घाटांमधली मुख्य फळी तुटली नाही. इटलीचे 600 हून अधिक सैनिक पडले आणि 2,000 हून अधिक हिमदंशाने जायबंदी झाले; फ्रेंचांचे मृत सुमारे 40 होते.

शाबेर्तोंच्या हकिकतीपाशी मात्र सुभेदार थांबलेच. 3,130 मीटर उंचीच्या त्या शिखरावर इटलीच्या आठ तोफा आठ बुरुजांत होत्या. 21 जून रोजी ढग हटताच फ्रेंचांच्या 280 मिलिमीटरच्या चार मॉर्टरनी त्यांतले सहा बुरुज निकामी केले. हे कसे घडले असेल, ते सुभेदारांनीच मला समजावले: मॉर्टरचा गोळा उंच चढून डोंगराच्या आडून पलीकडे उतरतो, त्यामुळे मारणारा शिखरावरून दिसत नाही, आणि शिखरावरचा बुरुज मात्र सगळ्यांना दिसतो. वाचलेल्या आकड्यांचा अर्थ मला तिथे उमगला.

पुलाजवळची काँक्रीटची चौकी आम्ही बाहेरून पाहिली. मांतोंचा बराचसा भाग शत्रूच्या हाती गेला, तरी नऊ जणांनी 25 जूनच्या युद्धबंदीपर्यंत हा रस्ता अडवून धरला होता. सुभेदारांनी पूल पावलांनी मोजला, एका बाजूचा कडा आणि दुसऱ्या बाजूची दरी निरखली, आणि चौकीसमोर सावधान उभे राहून सॅल्यूट केला.