चौथ्या तासाचा धूर

चौथा तास सुरू झाला की सातवी 'ब'च्या खिडक्या लावून घ्यायच्या, ही आमच्याकडची जुनी सवय. वर्गाच्या मागेच कचरा पेटवला जायचा. वाळका पाला, वह्यांचे कागद, वेफर्सच्या पुड्या, सगळं एकत्र. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मी फळ्यावर आकृती काढत होते, तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या मुलीने दप्तरातून दम्याचा पंप काढला. मधल्या सुट्टीत तिच्यासह सहा जणी आल्या. "बाई, हे जाळणं बंद नाही का होणार?"

शाळेत राष्ट्रीय हरित सेना, म्हणजे मुलांचं पर्यावरण मंडळ, होती, पण कागदावर. केंद्राची ही योजना 2001 पासूनची. आमच्याकडे ती पावसाळ्यातल्या वृक्षदिंडीपुरती जागी व्हायची. त्या सहा जणींनी तिला खरंच कामाला लावलं.

मुलांचा पहिला राग शिपाईमामांवर होता. मी म्हटलं, आधी त्यांना विचारून या. मामा म्हणाले, "घंटागाडी इथवर येत नाही. टाकू कुठे, तुम्हीच सांगा." धुराने त्यांचेही डोळे चुरचुरायचे, हे आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

मग मुलांनी पोषण आहाराच्या खोलीतला काटा मागून घेतला आणि आठवडाभर कचरा मोजला. निम्म्याहून जास्त वजन नुसत्या पाल्याचं! मामांनी मैदानाच्या कडेला खड्डा खणून दिला. पाल्याचा थर, त्यावर शेणकाला, वर थोडी माती, परत पाला. पंधरा दिवसांनी डिसेंबरच्या थंडीत सकाळी फावड्याने तो उलथला, तर आतून वाफा निघाल्या. एका मुलाने हात घातला आणि चटकन मागे घेतला. "बाई, खड्ड्याला ताप आलाय!" पाला खाताना सूक्ष्मजीव उष्णता सोडतात, ढिगाचं पोट साठ अंशांपर्यंतही तापू शकतं, हे मी तिथेच उभं राहून शिकवलं. असा तास मला वर्गात कधी घेता आला नव्हता.

मार्चमध्ये खत चाळलं. काळंभोर, पहिल्या पावसासारख्या वासाचं. ते कुंपणाजवळच्या शेवग्याला घातलं.

कागद रद्दीत जातो. अडलंय ते पुड्यांपाशी. प्लास्टिकला आतून ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, त्यामुळे भंगारवाला त्यांना हातही लावत नाही. सायकल स्टँडजवळ चार पोती भरून पडली आहेत. पेटवायची मात्र नाहीत, यावर मुलं ठाम आहेत.

त्या मुलीचा दमा गेला असं मी म्हणणार नाही, औषध चालू आहे. पण खिडकी आता उघडी असते, आणि ती मुद्दाम खिडकीशी बसते.

घंटागाडी शाळेच्या फाटकापर्यंत यावी म्हणून मुलांनी अर्ज लिहिला आहे. राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायालयाने, 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, तेही त्यात आहे, आणि आठवड्याची वजनंही. 1 मेच्या ग्रामसभेत तो अर्ज खिडकीशी बसणारी तीच मुलगी वाचणार आहे. सध्या रोज मधल्या सुट्टीत मामांना वाचून दाखवते.