काचेतली भाऊबंदकी

माशांच्या चार फुटांच्या टाकीत बांध नसतो, सातबारा नसतो, तरी हद्दीची भांडणं रोजची. त्यात मलावी सरोवरातले म्बुना मासे पाळले असतील तर विचारूच नका. आफ्रिकेतल्या त्या ५५० किलोमीटरहून लांब सरोवरात हे मासे खडकांवरचं शेवाळ खरवडून खातात. त्यामुळे नराला खडक म्हणजे घरही आणि शेतही. परका आला की तो अंगावर धावतो, परका चार हात लांब पळतो, विषय संपला. टाकीत मात्र पळणाऱ्याच्या तोंडासमोर काच येते आणि पाठलाग चालूच राहतो.

मार खाणारा शोधायचा तर वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे बघावं. पर मिटलेले, रंग उतरलेला, शेपटीची कड कुरतडलेली. दाणे टाकले तरी खाली उतरत नाही.

दांडग्याचा स्वभाव बदलत नाही, जागा बदलता येते. टाकीच्या या टोकावरून ते टोक दिसत असेल, तर सगळी टाकी त्याच्या एकट्याची. म्हणून दगडांचे दोन-तीन वेगळे ढीग करावेत, जवळजवळ पाण्याच्या वरच्या पातळीपर्यंत, नजर अडेल असे. बिळांना दोन तोंडं हवीत. एकाच तोंडाची गुहा म्हणजे आडोसा नव्हे, सापळा. दगड आधी तळाच्या काचेवर, खाली प्लास्टिकचा पातळ पत्रा घालून बसवावेत आणि वाळू नंतर ओतावी. हे मासे वाळू उकरतात. वाळूवर रचलेला ढीग कधीतरी ढासळतो, तोही नेमका काचेच्या बाजूला.

दुसरा उपाय ऐकायला उलटा वाटतो: मासे वाढवायचे. चार-पाचच असले तर सगळा राग एका गरिबावर निघतो. सुमारे २५० लिटरच्या टाकीत २० ते २५ म्बुना असले की दांडग्याला एकाच्या मागे लागून राहणं जमत नाही. एका नरामागे तीन-चार माद्या, आणि एकसारख्या रंगाचे नर शक्यतो नकोत. पण एवढ्या गर्दीला तगडा फिल्टर आणि आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलणं आलंच. ही युक्ती फ्लॉवरहॉर्न या भांडखोर माशाला लावू नये. तो एकटाच बरा.

तरीही एखादा ऐकत नसेल, तर मार खाणाऱ्याला नव्हे, मारणाऱ्याला बाहेर काढावं. आठवडाभर वेगळ्या टाकीत ठेवावं, दरम्यान दगडांची जागा बदलावी. परत येतो तेव्हा त्याचं वतन गेलेलं असतं, नवखेपण त्याच्या वाट्याला येतं. मार खाणाऱ्याला काढलं तर दुसऱ्याच दिवशी दांडगा नवं गिऱ्हाईक शोधतो.

टायगर बार्ब या छोट्या पट्टेरी माशाचं दुखणं वेगळं. तिथे हद्द नाही, नुसता टवाळपणा. दोघे-तिघेच असले की एंजल माशाच्या लांब परांना चिमटे काढत बसतात. त्यांची संख्या आठ-दहा केली की बरीचशी मस्ती आपसात जिरते. एंजल मात्र त्यांच्यासोबत नकोच. दुकानदार काहीही म्हणो.

नवा मासा सोडायचा तर संध्याकाळी. आधी जुन्यांना दाणे, मग दगडांची हलवाहलव, मग दिवा बंद, आणि त्या अंधारात पिशवी रिकामी. सकाळी दिवा लावला की पहिली नजर हीटरच्या मागे.