शाडू आणि कणीक

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही म्हणून बाईंचा फोन आला तेव्हा हात शाडूनेच भरलेले होते. शाळा म्हटलं की मला पहिल्यांदा आठवतो शनिवारचा शेवटचा तास, भजनाचा.

आठवीत मी पहिला विठ्ठल केला, वीतभर उंच. हात कमरेवर म्हणजे कोपर आणि अंग यांच्यामधे मोकळी जागा सोडावी लागते, हात बारीक अंग जाड, त्यामुळे हात आधी वाळले, आकसले आणि दोन्ही कोपरांत तडे गेले. रडलोच मी. ड्रॉइंगचे सर म्हणाले, बाळा, आत तार घाल, वरून ओलं फडकं टाक, सावलीत हळूहळू वाळू दे. आणि शनिवारी पुढे बसून रूपाचा अभंग, ‘सुंदर ते ध्यान’, नीट ऐक, मग मूर्तीला हात लाव.

जय जय रामकृष्ण हरी झालं की रूपाचा अभंग यायचाच, कितीदा म्हटला असेल, पण त्या दिवशी लक्षात आलं की तुकोबांनी अख्खी मूर्तीच सांगून ठेवलीय, वीट, कमरेवरचे हात, तुळशीहार, पीतांबर, मकरकुंडलं, कौस्तुभ आणि सगळ्यात शेवटी श्रीमुख. मी अजून त्याच क्रमाने काम करतो, चेहरा शेवटी.

नववीच्या सहलीला हंपी. विठ्ठल मंदिरात गाईडने खांबावर टिचकी मारली आणि ग्रॅनाइटमधून घंटेसारखा नाद आला (आता हात लावू देत नाहीत, बरोबरच आहे, झिजतात ते). भानुदास महाराजांनी, म्हणजे संत एकनाथांच्या पणजोबांनी, पांडुरंगाला हंपीहून परत पंढरीला आणलं ही कथा बाईंनी तिथेच दगडी रथासमोर सांगितली. दगडाच्या पोटात सूर असतो हे तेव्हापासून डोक्यात बसलं ते बसलंच.

पण सगळ्यात जास्त शिकलो ते भजनाला मृदंग वाजवायला येणाऱ्या आजोबांकडून. डब्यातून भिजवलेल्या कणकेचा गोळा काढायचे, डाव्या तोंडावर थापायचे, थाप मारून ऐकायचे, चिमूटभर काढायचे, परत ऐकायचे, मनासारखा घुमेपर्यंत. कणीक वाढली की आवाज खाली जातो. मी त्यांचा अंगठाच बघत बसायचो, कारण शाडू दाबताना माझाही अंगठा तसाच फिरायचा.

महोत्सवाला येताना त्या आजोबांची मूर्ती घेऊन येतोय, मांडी घालून बसलेले, मान किंचित डावीकडे. डाव्या तळव्याला कणीक चिकटलेली ठेवलीय.